‘कम इन’मधला ऑब्जेक्ट कुठे गेला?

नमस्कार. प्रिपोझिशनवरच्या, म्हणजे ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ अशा शब्दांवरच्या, माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: ‘प्रत्येक प्रिपोझिशननंतर लगेच ऑब्जेक्ट (ते ज्याला जोडलेलं असतं ते नाम किंवा सर्वनाम) येतोच’ हे माझं वाक्य ‘कम इन’ आणि ‘हू डिड यू कम विथ?’ या दोन साध्या वाक्यांपुढेही टिकत नाही. ऑब्जेक्ट ओळखत बसण्यापेक्षा शब्दसमूह पाठ केलेले बरे. आणि मराठीशी तुलना केली की मुलं जास्तच गोंधळतात.

पहिला आक्षेप मान्य. ‘लगेच’ही चुकलं आणि ‘येतोच’ही चुकलं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे. पण तुमची दोन उदाहरणं एका जातीची नाहीत.

‘खाली बस’ आणि ‘झाडाखाली बस’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यातलं ‘खाली’ क्रियाविशेषण, दुसऱ्यातलं झाडाला जोडलेलं शब्दयोगी अव्यय. शब्द एकच, काम वेगळं. ‘कम इन’ आणि ‘कम इन द मॉर्निंग’ यांतल्या ‘इन’चं तसंच आहे. शालेय व्याकरण पहिल्याला ॲडव्हर्ब म्हणतं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी मात्र १९२४ मध्ये वेगळा विचार मांडला. काही क्रियापदांना कर्म असतं, काहींना नसतं, तरी दोन्हींना आपण क्रियापदच म्हणतो. मग ऑब्जेक्ट नाही एवढ्यावरून ‘इन’ची जात का बदलायची? मला हे पटतं. परीक्षेत मात्र मुलांनी ॲडव्हर्बच लिहावं, नाहक गुण जायला नकोत.

‘हू डिड यू कम विथ?’मध्ये ऑब्जेक्ट आहे, फक्त तो वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसला आहे. ‘विथ’ला विचारा, कोणाबरोबर? उत्तर ‘हू’. मराठीत ‘कोणाबरोबर आलास?’मधलं ‘बरोबर’ मागे ठेवून ‘कोणा’ एकटं पुढे जाऊ शकत नाही, म्हणून आपल्याला ही रचना परकी वाटते. हे मी लेखात सांगायला हवं होतं. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा आग्रहही जुना आहे. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीतली अशी रचना दोष म्हणून दाखवली, आणि पुढे शाळांमधून तो नियमच होऊन बसला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती रचना कधी सोडली नाही. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हे सरळ, शुद्ध इंग्रजी आहे.

आता पाठांतर. ‘डिपेंड ऑन’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’ पाठच करावे लागतात, तिथे तर्क लढवू नये. पण ‘द लिस्ट ऑफ नेम्स’च्या पुढे ‘इज’ की ‘आर’? ‘नेम्स’ हा ‘ऑफ’चा ऑब्जेक्ट आहे, तो वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही, कर्ता ‘लिस्ट’, म्हणून ‘इज’. हे कुठल्याच पाठ केलेल्या यादीत सापडणार नाही, कारण दर वेळी नामं नवी असतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ की ‘मीटिंग’, हाही गोंधळ इथलाच. ‘टू’पुढे ‘दिस’ ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिस’ बसतं, म्हणजे तो ‘टू’ प्रिपोझिशन आहे, त्याला नाम किंवा नामासारखं काही हवं, म्हणून ‘मीटिंग’. ‘आय होप टू दिस’ बसत नाही, म्हणून तिथे ‘मीट’.

मराठीशी तुलना मात्र मी सोडणार नाही. ‘मीबद्दल’ असं आपल्याकडे लहान मूलही म्हणत नाही, ‘माझ्याबद्दल’ म्हणतं. शब्दयोगी अव्यय लागलं की आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होतं, हे मराठी मुलाच्या कानात शाळेत जाण्याआधीच असतं. इंग्रजीत नामं तशीच राहतात, पण ‘ही’चं ‘हिम’ होतं, ‘दे’चं ‘देम’. ‘बिट्वीन यू अँड मी’ऐवजी ‘बिट्वीन यू अँड आय’ असं चांगले इंग्रजी बोलणारेही म्हणून जातात. त्या मुलाला फक्त विचारा, ‘तुझ्यात आणि माझ्यात’ म्हणशील की ‘तुझ्यात आणि मी’? उत्तर त्याला आपोआप मिळतं. एक अडचण खरी आहे: इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ यांचा उच्चार सारखा आणि काम उलटं. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवावं.

तुलना फसते कुठे, तेही लिहितो. ‘त्याच्याशी लग्न केलं’वरून ‘मॅरिड विथ हिम’ येतं, ‘त्याविषयी चर्चा केली’वरून ‘डिस्कस्ड अबाउट इट’. इंग्रजीत ‘मॅरी’ आणि ‘डिस्कस’ थेट कर्म घेतात, मधे प्रिपोझिशन लागत नाही. उलट ‘माझं ऐक’वरून आलेल्या ‘लिसन मी’मध्ये ‘टू’ राहून जातो. तो ‘शी’, तो ‘विषयी’ वाक्यात कुठून शिरला हे मराठी वाक्य शेजारी लिहून दाखवलं, की मुलं ती चूक स्वतःच खोडतात. ‘रीच’ आणि ‘आन्सर’चीही हीच गत आहे; त्यांचा परिच्छेद लेखात जोडतो आहे.