नियम माझ्या बाजूने आहे, हे दर वेळी मीच का सिद्ध करायचे?

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत माझा फोन काचेच्या पलीकडे, फेरतपासणीसाठी बाजूला काढलेल्या ट्रेमध्ये वाजत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखते, कारण दंडावरच्या सेन्सरला रक्तातील साखर ७० च्या खाली गेल्याचे कळले की तो होतो. त्याच ट्रेमध्ये फळांच्या रसाचे २०० मिलिलिटरचे पाकीट होते आणि त्या क्षणी माझे औषध तेच होते. मला घाम सुटला होता, बोटे थरथरत होती, आणि समोरचा अधिकारी मला सांगत होता की तपासणी पूर्ण होईपर्यंत ट्रेला हात लावायचा नाही, शिवाय १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रवपदार्थ असलेले ते पाकीट तसेही टाकून द्यावे लागेल.

मला टाईप वन मधुमेह होऊन २१ वर्षे झाली. माझे शरीर इन्सुलिन तयार करत नाही, त्यामुळे ते मी बाहेरून घेते, आणि घेतलेली मात्रा, खाणे आणि चालणे यांचा मेळ चुकला की साखर घसरते. घसरली की १५ ग्रॅम साखर ताबडतोब पोटात गेली पाहिजे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजले पाहिजे आणि तरीही कमी असेल तर पुन्हा घेतले पाहिजे. हे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच शिकवले जाते. त्या रांगेत मात्र मला ते थरथरत्या आवाजात तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना तीन वेळा समजावून सांगावे लागले, आणि तिसऱ्या वेळी माझी वाक्ये तुटत होती, कारण साखर आणखी कमी झाली की बोलणे आणि विचार अडखळू लागतात. ज्या क्षणी मी स्वतःची बाजू मांडण्याच्या स्थितीत नसते, नेमक्या त्याच क्षणी ती मांडण्याची सक्ती माझ्यावर होते, याचा मला संताप येतो.

“सध्या बंदोबस्त कडक केला आहे,” हे उत्तर मला त्या सकाळी चार वेळा मिळाले. हे उत्तर देणाऱ्यांना या नियमाचा इतिहास ठाऊक नसावा. द्रवपदार्थांवरची बंधने ऑगस्ट २००६ मध्ये आली, जेव्हा अटलांटिक महासागरापलीकडे जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमधील विमानतळांवर हातातल्या सामानावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालण्यात आली. पुस्तकेही नेता येत नव्हती. तरीही विमानात सोबत ठेवता येतील अशा मोजक्या वस्तूंची जी यादी त्या दिवशी जाहीर झाली, तिच्यात प्रवासासाठी अत्यावश्यक असलेली वैद्यकीय साधने होती आणि त्यांचे उदाहरण म्हणून मधुमेहाच्या साहित्याचा उल्लेख केलेला होता. सर्वांत कडक दिवशीही ज्या गोष्टीला जागा होती, ती गोष्ट आज बंदोबस्ताचे नाव सांगून माझ्याकडून काढून घेतली जाते. त्यानंतर काही महिन्यांत १०० मिलिलिटर आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी हा नियम रूढ झाला आणि तेव्हापासून औषधांना त्यातून सूट आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या नियमांत तर असेही लिहिलेले आहे की औषधे थंड ठेवण्यासाठी लागणारे जेलचे पॅक गोठलेले असोत, अर्धवट वितळलेले असोत किंवा पूर्ण पातळ झालेले असोत, वाजवी प्रमाणात नेता येतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी आमचा विचार केलेला आहे. तो विचार ट्रे हाताळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलेला नाही, आणि तो पोहोचवण्याचे काम रुग्णाच्या गळ्यात टाकून सगळे मोकळे झाले आहेत.

माझा जेल पॅक अर्थातच वितळलेला होता, कारण मी घरून निघून चार तास झाले होते. तो बाजूला काढण्यात आला. मग एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, बहुधा मदत करण्याच्याच हेतूने, मला असे सुचवले की हा सगळा त्रास टाळण्यासाठी मी इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकावे. ही सूचना मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती ऐकताच माझ्या कपाळाची शीर उडू लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. ते गोठले तर निकामी होते आणि वितळल्यावरही पुन्हा कामाचे राहत नाही. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात तापमान किती उतरेल याची खात्री मला कोणीही देऊ शकत नाही. सर्वांत भीतीदायक भाग असा की गोठून बिघडलेले इन्सुलिन नुसते पाहून ओळखता येईलच असे नाही. मी ते टोचून घेईन, साखर वाढत राहील आणि कारण लक्षात येईपर्यंत मी परक्या शहरातल्या एखाद्या रुग्णालयात असेन. बॅग हरवली तर काय, हा प्रश्न तर मी अजून विचारलेलाच नाही. हरवलेले कपडे दोन दिवसांनी मिळाले तरी चालतात, इन्सुलिनशिवाय मी दोन दिवस काढू शकत नाही. म्हणूनच डॉक्टर, इन्सुलिनचे उत्पादक आणि मधुमेहींच्या संस्था एकमुखाने सांगतात की इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. ज्या माणसाच्या अंगावर सुरक्षेचा गणवेश आहे, त्याने याच्या नेमका उलट सल्ला आत्मविश्वासाने द्यावा, ही माझ्या मते साधी चूक नाही. एखाद्या नवख्या रुग्णाने तो मानला तर त्याच्या जिवावर बेतेल.

पंपाची कथा आणखी वेगळी आहे. माझ्या कमरेला असलेला, शरीरात सतत थोडे थोडे इन्सुलिन सोडणारा पंप क्ष-किरण यंत्रातून किंवा संपूर्ण शरीर स्कॅन करणाऱ्या यंत्रातून नेऊ नये, असे त्याच्या सूचनापुस्तिकेत लिहिलेले आहे. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायला किंवा हाताने अंगझडती द्यायला माझी कधीच हरकत नसते. मी ते पान छापून सोबत ठेवते, डॉक्टरांचे पत्र ठेवते, प्रिस्क्रिप्शन ठेवते. त्या सकाळी ती तिन्ही कागदपत्रे माझ्या हातात होती आणि ती कोणी वाचली नाहीत. “काढून ट्रेमध्ये ठेवा,” एवढेच मला सांगण्यात आले. पंपात केवळ जलद काम करणारे इन्सुलिन असते, त्यामुळे तो एक-दोन तासांहून अधिक वेळ बंद राहिला तर शरीरातले इन्सुलिन संपत जाते आणि रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी तयार होणारी घातक आम्ले, वाढू लागतात. शिवाय तो यंत्रातून गेल्यावर बिघडला, तर त्या उंचीवर मला दुसरा कोण देणार आहे?

हे फक्त माझ्यापुरते असते, तर मी कदाचित गप्प बसले असते. पण त्या रांगेत माझ्यामागे एक वयस्कर गृहस्थ होते, ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेनंतर बसवलेली पिशवी होती. कपड्याखालच्या फुगवट्याबद्दल त्यांना सर्वांसमोर विचारण्यात आले. अशी तपासणी आडोशाला करून घेण्याची सोय मागता येते, हे त्यांना कोणीही सांगितले नाही, ते त्यांना मी सांगितले. हृदयरोगासाठी नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांच्या हातावरचा स्वॅब स्फोटकांच्या चाचणीत संशयास्पद ठरू शकतो, कारण तेच रसायन स्फोटकांतही वापरले जाते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र, बाळगणाऱ्यांना त्याच्या लिथियम बॅटऱ्या किती वॉट-तासांच्या आहेत हे तोंडपाठ ठेवावे लागते. १०० च्या वर गेल्या तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुट्या बॅटऱ्या सामानकक्षात टाकताच येत नाहीत. यांतल्या प्रत्येकाने आजारपणाच्या जोडीला सुरक्षा नियमांचा अभ्यास करायचा, आणि ज्यांना त्याच नियमांसाठी पगार मिळतो त्यांनी तो केला नाही तरी चालायचे.

कर्मचाऱ्यांच्या हातात एका प्रवाशासाठी जेमतेम काही क्षण असतात, हे मला दिसते. नियम सतत बदलतात हेही खरे आहे. नव्या स्कॅनरमुळे युरोपातल्या काही विमानतळांवर द्रवपदार्थांची मर्यादा शिथिल झाली आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय संघात ती पुन्हा १०० मिलिलिटरवर आणली गेली. पण या सगळ्या उलथापालथीत औषधांची सूट कायम होती. जी एकच गोष्ट बदलली नाही, तीच लक्षात ठेवणे अवघड का जावे? ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने पंप आणि सेन्सर वापरणाऱ्यांसाठी एक कार्ड तयार केले आहे, ज्याची एक बाजू प्रवाशासाठी आणि दुसरी सुरक्षा अधिकाऱ्यासाठी आहे. ते मीही छापून घेतले आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही ते पाहिल्यावर मला प्रत्येक वेळी राग येतो, कारण अधिकाऱ्याला त्याच्या कामाची माहिती देणारा कागद पुन्हा रुग्णाच्याच पाकिटात आहे.

शेवटी मला तो रस मिळाला. एका तरुण महिला कर्मचाऱ्याने माझा चेहरा पाहिला, कोणालाही न विचारता पाकीट उचलून माझ्या हातात दिले आणि मला खुर्चीवर बसवले. तिच्या घरी कोणाला तरी हा आजार असावा, असे मला वाटले, कारण तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. तोपर्यंत फोनवरचा आकडा ५१ वर आला होता.

घरी परतल्यावर मी तारीख, वेळ आणि तपासणीच्या रांगेचा क्रमांक देऊन लेखी तक्रार केली. पाच आठवड्यांनी उत्तर आले की झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे आणि सर्व तपासणी प्रचलित नियमांनुसारच झाली. मी त्याच दिवशी उलट पत्र पाठवून विचारले की ज्या नियमानुसार माझा रस अडवला गेला, त्या नियमाचा क्रमांक मला कळवावा. त्या पत्राला आता तीन महिने झाले, उत्तर आलेले नाही, आणि पुढच्या गुरुवारी मला त्याच विमानतळावरून पुन्हा प्रवास करायचा आहे.