‘चुंबकीय क्षेत्र असलं की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भाषा जरा घसरली असती म्हणून थांबलो. प्रॉक्सिमा बी, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, त्याच्यावरचा माझा लेख तुम्हाला ‘उगाच भीती घालणारा’ वाटला, ठीक आहे. पुढे ‘ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असलं की तारा कितीही भडकू दे, वातावरणाला काही होत नाही, शाळकरी पोरगंही सांगेल’ असं लिहिलंत आणि वर ‘थोडा अभ्यास करून लिहीत जा’ हा सल्ला. तोही निनावी.

‘मेलेला ग्रह’ हे शीर्षक भडक होतं, मान्य. पण साधं शीर्षक असतं तर तुम्ही तरी उघडला असतात का लेख?

आता अभ्यासाचं. फिजिक्स शिकवण्यात केस पांढरे झालेत माझे. मे महिन्यात पोरांना घेऊन देवगडच्या सड्यावर जातो, रात्री दहा-साडेदहाला नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) हा तारा दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम मूठभर वर असतो, खाली धूसर असलं तर तेवढाही नीट दिसत नाही, आणि कोणीतरी विचारतंच, सर प्रॉक्सिमा कुठाय? तिथेच बाजूला आहे बाळा, पण अकराव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. तोच तारा मार्च 2016 मध्ये थोड्या वेळापुरता 68 पट उजळला होता, म्हणजे अगदी काळोख्या आकाशात साध्या डोळ्यांनाही जेमतेम दिसला असता. हे मी लेखात लिहिलं होतं. वाचलंत का तिथपर्यंत?

बरं, तुमचं ते शाळकरी पोरगं. मे 2019 च्या भडक्यात (तारा अचानक उफाळतो तो) हबल दुर्बिणीला प्रॉक्सिमाचा अतिनील प्रकाश काही सेकंदांत सुमारे 14,000 पट वाढलेला दिसला. प्रकाश म्हणतोय मी, साहेब. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळवतं, प्रकाशाला नाही, मच्छरदाणीनं ऊन अडतं का कधी? अतिनील आणि क्ष-किरण थेट वरच्या वातावरणात शिरतात, ते तापतं, फुगतं, आणि फुगलेलं वातावरण ग्रहाच्या हातातून सुटायला सोपं. त्यात हा ग्रह ताऱ्यापासून फक्त 70-75 लाख किलोमीटरवर, 11.2 दिवसांत एक फेरी. आपण सूर्यापासून 15 कोटींवर आहोत, त्यामुळे आपल्याकडचा हिशोब तिकडे लावून चालत नाही.

कणांचं म्हणाल तर तिथेही ढाल अभेद्य वगैरे नसते. पृथ्वीचं एवढं दणकट क्षेत्र, तरी ध्रुवांकडच्या भागातून ऑक्सिजन निसटतोच. उलट शुक्राला स्वतःचं असं चुंबकीय क्षेत्र नाही, आणि त्याच्या जमिनीवर वातावरणाचा दाब आपल्या 90 पट! क्षेत्र नाही म्हणून वातावरण गेलं, असं तुम्ही मंगळाचं उदाहरण दिलंत, शुक्र सोयीस्करपणे गाळलात. आणि मुळात प्रॉक्सिमा बी ला चुंबकीय क्षेत्र आहे हे मोजलंय कोणी? अजून कोणीही नाही. तुम्ही ते गृहीत धरलंत आणि अभ्यास मी करायचा.

भडके ताऱ्याच्या ध्रुवांजवळ होतात आणि ग्रह वाचतात, हा टेस या नासाच्या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरचा 2021 चा मुद्दाही तुम्ही टाकलाय. चार ताऱ्यांवरचं काम आहे ते, प्रॉक्सिमा त्यात नाही. सोडून देऊ. ट्रॅपिस्ट-1 या दुसऱ्या ताऱ्याबद्दलची तुमची ओळ, अतिनील प्रकाशानं जीवसृष्टीच्या रसायनांना मदतही होते हे वाक्य, आणि शेवटचे दोन परिच्छेद यांना उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेत.

ट्रॅपिस्टवर पुढचा लेख येतोय. तिथे जरूर या, पण या वेळी आधी लेख शेवटपर्यंत वाचा, आणि जमलं तर नाव टाकून लिहा.