थापाड्या व्हायचंय? आधी तूप कढवायला शिका

थापा मारायच्यात ना, मग पहिलं हे ठरवा की तुम्हाला थापाड्या व्हायचंय का खोटारडा. खोटारडा ही शिवी आहे, कानफटात बसू शकते. थापाड्या म्हटलं की लोक हसतात, सरकून जागा देतात आणि वर चहा पण मागवतात. कारण खोटारड्याला काहीतरी लपवायचं किंवा लाटायचं असतं, थापाड्याला काहीच नको असतं, सकाळी पोहे कुठे खाल्ले विचारलं तरी तो खोटंच सांगणार. असल्याच लोकांच्या आजाराला १८९१ साली अंतोन डेलब्र्यूक नावाच्या जर्मन डॉक्टरनं स्यूडोलॉजिया फँटॅस्टिका असं भारदस्त नाव दिलं, पण ते घेऊन कट्ट्यावर जाऊ नका, पोरं विचारतील लागण होते का म्हणून.

आता थाप. भाकरी थापतात, गोवऱ्या थापतात, ढोलकीवर थाप पडते, पाठीवर पण पडते. यातली तोंडात कुठली शिरली यावर वाद घालत बसू नका (मला विचाराल तर गोवरी, ओली असतानाच भिंतीला चिकटते).

पण खरी डिग्री म्हणजे लोणकढी थाप. लोणकढं म्हणजे लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप, तशी थाप पण ताजी लागते, कालचं फॉरवर्ड आज वाढायचं नाही. आई तूप कढवते तेव्हा बघा, आच मंद, तडतड थांबेपर्यंत घाई नाही आणि शेवटी एक विड्याचं पान. थापेत ते पान म्हणजे एखादा फालतू तपशील. आमचा मामा सांगायचा, रात्री शेताच्या वाटेवर बिबट्या आडवा आला, मी छत्रीनं हाकलला, पण छत्रीची एक काडी मोडली, ६ रुपये गेले दुरुस्तीला. बिबट्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, पण त्या ६ रुपयांवर सगळ्यांचा बसायचा आणि मग बिबट्या आपोआप खपायचा!

फक्त कितीही निगुतीनं कढवा, तळाशी बेरी राहतेच. मामाची बेरी म्हणजे मामी. ती आतून ओरडायची, "अहो, छत्री तर एसटीत विसरला होतात ना?"

मामा बशीतला चहा संपवायचा आणि शांतपणे म्हणायचा, "ती दुसरी गं."