जंताचं औषध आणि दुप्पट हरभरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. 'घोडा वाळला की जंताचं औषध पाजायचं आणि हरभरा वाढवायचा, आमच्याकडे ४० वर्षं हेच चालत आलंय. तुम्ही तपासण्या सांगून गरीब घोडेवाल्याला खर्चात घालता,' असं तुम्ही लिहिलंत. खर्चाचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच वाळणाऱ्या घोड्यावरच्या मागच्या लेखात, रक्त तपासण्याच्या आधी मी गव्हाणीजवळ उभं राहून घोडा कसा खातो ते बघायला सांगितलं होतं. त्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली एक घोडी मी पाहिली होती. जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं, हरभरा दुप्पट होता, तरी बरगड्या लांबून मोजता येत होत्या. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडले होते आणि लिदीत लांबच लांब काड्या. घोड्याची दाढ वर्षाला २-३ मिलिमीटर वर येत राहते, तेवढीच झिजतेही. पण झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धार येते. तोंड सोलवटलेलं जनावर चावणार कसं? दाढा कानशीनं घासल्या आणि दोन महिन्यांत घोडी भरली. वाढवलेला हरभरा मात्र तिच्या जिवावर बेतला असता. घोड्याचं जठर लहान. एकदम पडलेला दाणा न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथं आंबतो आणि पोटशूळ उठतो, नाहीतर खूर धरतात, म्हणजे खुरांच्या आत सूज येऊन घोडा लंगडतो.

जंतांचं नाव तुम्ही घेतलंत ते चूक नाही. फक्त तेच औषध वर्षानुवर्षं दिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात.

आता तुमचा पाच वर्षांचा घोडा. 'खातो चांगला, पण पावसाळ्यापासून खंगत चाललाय,' हे तुमचं वाक्य वाचून मला काळजी वाटली. खाऊनही खंगणारा घोडा, तोही गोमाशांचा हंगाम सरताना, म्हणजे मला पहिली शंका सर्राची, म्हणजे रक्तात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या रोगाची येते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं १८८० साली डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याचे जंतू पाहिले. चावणाऱ्या माश्या ते एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो-जातो, रक्त कमी होत जातं. याला जंताचं औषधही चालत नाही आणि हरभराही.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून ताप लिहून ठेवा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्या. ताप चढलेला असताना जंतू सापडण्याची शक्यता जास्त. एकदा काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, पुन्हा ताप आला की पुन्हा तपासा. पोटाखाली किंवा पायांवर सूज दिसली, हिरड्या पांढुरक्या वाटल्या, तर पाच दिवसही थांबू नका. शेजारी बांधलेल्या घोड्यांचाही ताप बघा. आणि तोवर काका, त्याला वरातीला नेऊ नका.