गाळणी ज्याची, चोथाही त्याचाच

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसच्या पँट्रीतलं सिंक तुंबलं. मावशींनी खालचा पाइप उघडला आणि हात घालून जे बाहेर काढलं ते बघून माझी मान खाली गेली. भाताची शितं होती, कढीपत्ता होता, पण निम्म्याहून जास्त चहाची पानं होती. अख्खी, उलगडलेली पानं. आमच्या मजल्यावर असा चहा पिणारे आम्ही तिघंच. मावशी काही बोलल्या नाहीत. सगळं फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

घरी मी आलं आणि गवती चहा घातलेला दुधाचाच चहा पिते, आणि तो मला मनापासून आवडतो. त्याला सीटीसी, म्हणजे दाणेदार चहाच हवा. दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायची ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. दाण्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, दुधात मरत नाही. दार्जिलिंगचं पान मात्र पातेल्यात खळाखळा उकळलं की संपलंच. त्याला गरम पाणी, तीन मिनिटं आणि फुलायला जागा लागते, बाकी काही नाही. म्हणूनच तो ऑफिसात जमतो. गॅस नको, दूध नको.

जागेचं मात्र खरंच बघा. साखळीला लटकणारी गोल जाळीची गोळी मिळते, ती घेऊ नका. सुकं पान त्यात मावतं, पण भिजल्यावर कितीतरी पट फुगतं, मग मधली पानं एकमेकांत दाबून बसतात आणि चहा फिका होतो. मगात जवळजवळ बुडापर्यंत जाणारी, रुंद तोंडाची स्टीलची जाळी घ्या. २०० मिली पाण्याला साधारण २ ग्रॅम पान, म्हणजे शिगोशीग भरलेला एक छोटा चमचा. डिस्पेन्सरचं 'हॉट' पाणी ग्रीन टीला चालतं, पण दार्जिलिंगला ते थोडं कमीच पडतं, म्हणून मी छोटी किटली ठेवली आहे. आणि फोनवर गजर लावाच. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणून कोणी बोलावलं की अर्धा तास गेलाच, आणि तोवर चहा जीभ आखडेल इतका तुरट होतो. मी दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगहून मे-जूनच्या तोडणीचा, सेकंड फ्लश चहा आणला होता. त्याला पिकल्या द्राक्षांचा वास येतो. तो असा वाया गेला की जीव हळहळतो.

आता गाळणी, म्हणजे हीच मगातली जाळी. माझं ठाम मत आहे की गाळणी धुणं हे चहा करण्यातलंच काम आहे, नंतरचं नाही. एका शुक्रवारी मी ती तशीच टेबलावर ठेवून घरी गेले. सोमवारी झाकण काढलं तर पानांवर पांढरी लव धरली होती आणि ओल्या गोणपाटासारखा वास येत होता.

पानं ओली आणि गरम असताना जाळीला चिकटून बसतात. पाच मिनिटं निवू द्या, मग ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या काठावर उपडी आपटा, जवळजवळ सगळी एका ढेपेत पडतात. मग नळाची धार बाहेरून आत सोडा, म्हणजे भोकांत अडकलेले बारीक तुकडे उलटे निघतात. जाळी जिथे वरच्या कड्याला जोडलेली असते तिथे तपकिरी रेघ धरते, तिला लहान मुलांचा मऊ टूथब्रश. तारेची घासणी अजिबात नको, जाळी फाकते. भांड्यांचा लिंबाच्या वासाचा साबणही रोज नको. तो वास जाळीत राहतो आणि दुसऱ्या दिवशी चहात येतो.

तरी आठवड्याभरात जाळी काळवंडते. चहातली तुरट द्रव्यं आणि पाण्यातला चुना मिळून तो थर बसतो. पुण्यात ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे त्यांनी बिनदुधाच्या चहावर तेलकट दिसणारी साय पाहिली असेल, ती हीच. लिंबू पिळलेल्या चहावर ती धरत नाही. त्या थरावर उपाय म्हणजे मगभर गरम पाणी, एक चमचा खायचा सोडा, त्यात गाळणी अर्धा तास. पाणी विटकरी होतं आणि जाळी उजेडात धरली की भोकं न् भोकं मोकळी दिसतात. पांढरा खरखरीतपणा राहिला असेल तर वेगळ्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व. दोन्ही एकत्र टाकू नका. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांनाच मारतात आणि डाग तसाच राहतो.

सिंकच्या प्रसंगानंतर मी मावशींची माफी मागितली आणि सिंकशेजारी एक झाकणाचा डबा आणून ठेवला. आम्ही तिघंही चोथा त्यातच टाकतो. संध्याकाळी मावशी तो गच्चीवरच्या कुंड्यांना नेतात. परवा त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो चहा एकदा मलाबी करून द्या." उद्या दुपारी तीनला त्यांच्यासाठी मग ठेवला आहे.