टेस्ट वेगवान करण्याच्या फंदात पडू नका

टीममध्ये नवीन आलेला कुणीतरी एक दिवस विचारणारच, की आपल्या युनिट टेस्टना, म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा सुटा तपासणाऱ्या चाचण्यांना, चाळीस मिनिटं का लागतात. उत्तर देण्याआधी चेहरा जरा गंभीर करा आणि म्हणा, "आपला डेटाबेस डिस्ट्रिब्युटेड आहे, अनेक मशीनवर पसरलेला." बहुतेक जण इथेच गप्प होतात. जो होत नाही त्याच्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते.

आधी 'युनिट' या शब्दाकडे उदार मनानं बघा. समजा, सवलत मोजणारं एक फंक्शन आहे. आत दोन गुणाकार आणि एक इफ. त्याच्या हातात नुसती रक्कम ठेवली तर टेस्ट मिलिसेकंदात आटपेल आणि दिवसभर करायचं काय, असा प्रश्न पडेल. म्हणून त्याला रक्कम देऊ नका, ऑर्डरचा आयडी द्या. रक्कम त्याची त्यानं कॅसँड्रा नावाच्या डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसातून शोधून आणावी. दोन गुणाकारांसाठी तीन नोडचं, म्हणजे तीन सर्व्हरचं, क्लस्टर उभं राहिलं, की आर्किटेक्ट असल्याचं सार्थक होतं.

हे क्लस्टर प्रत्येक टेस्ट क्लाससाठी नव्यानं सुरू करा. एकदाच सुरू करून सगळ्यांनी वापरणं हा कद्रूपणा झाला. कुणी हट्टानं एकाच नोडवर आलाच, तरी खचू नका. कॅसँड्राचा नोड उठला की आधी गॉसिप, म्हणजे नोडांची आपापसातली खबरबात, स्थिरावायची वाट बघतो. पाच सेकंद नुसतं थांबायचं, मग दर सेकंदाला कानोसा घ्यायचा, सलग तीनदा सामसूम आढळली की दार उघडायचं. झाले आठ सेकंद. नोड एकटाच आहे, कुचाळक्या करायला दुसरं कुणीही नाही, तरी तो बिचारा नेमानं कान देऊन बसतो. 'स्किप वेट फॉर गॉसिप टू सेटल' नावाच्या पर्यायाला शून्य दिलं तर हे सगळं टळतं. पण हे आपल्यातच राहू द्या.

टेबलं प्रत्येक टेस्टआधी बनवायची आणि टेस्टनंतर पाडायची. टेबल बनलं की सगळ्या नोडचं स्कीमावर, म्हणजे टेबलांच्या रचनेवर, एकमत झालं का, हे जावा प्रोग्रॅमला कॅसँड्राशी जोडणारा ड्रायव्हर दर २०० मिलिसेकंदांनी विचारत राहतो, आणि एकमत होत नसेल तर दहा सेकंदांपर्यंत धीर धरतो. एवढा धीर आपल्यात नाही, निदान सॉफ्टवेअरमध्ये तरी असू द्या.

"टेबलं राहू देऊ, फक्त ट्रंकेट करू, म्हणजे आतल्या ओळी पुसू," असं कुणी सुचवलं तर लगेच हो म्हणा. कॅसँड्रात ट्रंकेटला सगळे नोड जिवंत लागतात. शिवाय ऑटो स्नॅपशॉट मुळातच चालू असतो, त्यामुळे पुसण्याआधी डेटा डिस्कवर उतरतो आणि त्याची एक प्रत जपून ठेवली जाते. आमच्या टेबलात तीन ओळी असायच्या: 'अबक', 'टेस्ट२' आणि नावच नसलेला एक ग्राहक. डिस्क भरून बिल्ड बंद पडला तेव्हा कळलं, की या तिघांच्या बॅकअपइतकी काळजी आम्ही खऱ्या ग्राहकांच्या डेटाचीही घेत नव्हतो.

सावध राहायचं ते एका गोष्टीपासून. प्रत्येक टेस्टनं आपल्या ओळींसाठी स्वतःची नवी रँडम की, म्हणजे ओळख, घेतली तर पुसायचं कामच उरत नाही. टेस्ट एकमेकींच्या पायात येत नाहीत, आणि मग त्या समांतर चालवायची दुर्बुद्धी कुणाला तरी होतेच.

कॉक्रोचडीबी हा दुसरा डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस वापरत असाल तर एका नोडवर, अख्खं स्टोअर मेमरीत ठेवूनही तो चालतो. तसं करू नका. टेस्ट संपताच कंटेनर फेकून द्यायचा असला, तरी 'अबक'ची नोंद डिस्कवर पक्की झालीच पाहिजे.

एवढ्यावर कुणी बधला नाही तर त्याला थेट दुसऱ्या टोकाला ढकला. डेटाबेसच काढून टाका, त्या जागी हॅशमॅप, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतली किल्ली-किंमतींची साधी यादी, बसवा. टेस्ट चार सेकंदांत संपतील, सगळ्या हिरव्या. हॅशमॅप टाइमआउट होत नाही, शिळा डेटा देत नाही, ४०००१ची, म्हणजे ट्रान्झॅक्शनांच्या टकरीची, एरर देऊन ट्रान्झॅक्शन पुन्हा करायला लावत नाही. ते सगळं प्रॉडक्शनमध्ये होतं, आणि तिथे कुठे आपण टेस्ट चालवतो? पहिला रात्रीचा फोन आला की टीम स्वतःहून तीन नोडवर परत येते. मधला रस्ता, म्हणजे गणित डेटाबेसपासून वेगळं काढायचं आणि खऱ्या डेटाबेसवर मोजक्याच क्वेरी तपासायच्या, कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता ब्रह्मास्त्र: स्लीप. लिहिलेलं लगेच वाचलं की कधीकधी जुनंच मिळतं, म्हणून मध्ये थोडं थांबायचं. वाचनाची कन्सिस्टन्सी लेव्हल वाढवणं, म्हणजे जास्त नोडांना विचारून वाचणं, किंवा दर ५० मिलिसेकंदांनी डोकावून डेटा दिसताच पुढे सरकणं, ही उतावळ्यांची कामं. आमच्याकडे सुरुवात एका सेकंदानं झाली. मग तीन. मग पाच, आणि शेजारी कॉमेंट: 'काढू नये, कधीकधी फेल होतं.' ही ओळ कुणी लिहिली म्हणून मी तावातावानं गिट ब्लेम लावलं, तर माझंच नाव निघालं. मी विषय बदलला.

चारशे टेस्ट, प्रत्येकीत पाच सेकंद: तेहतीस मिनिटं नुसती झोप. तक्रारी वाढल्या तेव्हा वरून मशीन बदलून मिळालं, चारऐवजी सोळा कोअरचं. चाळीसची अडतीस मिनिटं झाली. पाच सेकंदांची झोप महागड्या मशीनवरही पाच सेकंदच घेते, हे मीटिंगमध्ये बोलून दाखवू नका. बत्तीस कोअरचा प्रस्ताव टाका, आणि तो मंजूर होईपर्यंत पाचाचे सहा करून ठेवा.