चिलीच्या गोठ्यातली दुर्बीण

एखाद्याला दिवसा तारे दिसू लागले, की त्याच्या कानशिलात कोणीतरी ठेवून दिली असावी किंवा त्याने मुलीच्या लग्नासाठी मांडववाल्याकडून हिशेब मागवला असावा, असा आपल्याकडे समज आहे. मला मे महिन्यात रोज सकाळी नऊ वाजता तारे दिसतात, त्यासाठी मी दरमहा पैसे भरतो, आणि तरीही माझी प्रकृती ठणठणीत आहे हे गावाला पटवून देणे हेच माझ्या उन्हाळी सुट्टीतले मुख्य काम होऊन बसले आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवतो. माझी दुर्बीण मात्र दक्षिण अमेरिकेत, चिली देशात राहते. मे महिन्यात चिलीचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे आमच्याकडे पहाटे पाचला कोंबडा आरवतो तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात होऊन गडद काळोख पडलेला असतो, आणि तो काळोख आमच्याकडे दुपारचे तीन वाजेपर्यंत टिकतो. म्हणजे आमचे गाव ज्या वेळी वखरणी उरकून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून सावली शोधत घरी परतत असते, नेमक्या त्याच वेळी माझी रात्र भरात आलेली असते.

"सर, एवढ्या उन्हात स्लॅबवर काय करून रायले?" असे शेजारचे काका खालून विचारतात. "तारे पाहतो," असे मी प्रामाणिकपणे सांगतो. यावर ते मला काही बोलत नाहीत. फक्त जाता जाता माझ्या बायकोला "सरले जेवनात कांदा देत जा वं, ऊन लागलं वाट्टे" एवढा सल्ला देऊन जातात.

गावाकडे एवढा अंधार असताना परदेशातली रात्र भाड्याने घेण्याचे कारण काय, असे नागपूरचे नातेवाईक विचारतात. गावाकडे अंधार असतो, ही शहरात राहणाऱ्यांची समजूत आहे. ज्या दिवशी ग्रामपंचायतीने आमच्या घरासमोरच्या चौकात हायमास्ट दिवा उभा केला, त्याच दिवशी आकाशगंगा आमच्या गावातून बेदखल झाली. तो दिवा बंद पडावा म्हणून मनातल्या मनात नवस बोलणारा पंचक्रोशीत मी एकटाच असेन. मग दुर्बीण शेतात नेऊन पाहिली, तर तिथे रानडुकरांसाठी जागलीवर बसलेली मंडळी काहीही हलले की बॅटरीचा झोत मारतात. एका रात्री अडीच तास खपून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची जी चित्रे घेतली, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकातून असा एक झोत आरपार गेला होता, आणि मला डुक्कर समजून कोणी फटाका फेकला नाही हेच नशीब मानून मी घरी आलो. त्यातून उरलेल्या रात्री चार महिने पाऊस खातो, हिवाळ्यात दव आणि धुई खाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी धुरे पेटवल्याचा धूर खातो.

तेव्हा आम्ही चौघांनी, म्हणजे अकोल्याचे एक डॉक्टर, अमरावतीचे एक बँक अधिकारी, नागपूरचा एक अभियंता आणि मी, वर्गणी काढून पाच इंची दुर्बीण, तिला फिरवणारी माउंट आणि एक कॅमेरा असा संसार घेतला आणि तो चिलीच्या कोकिंबो प्रांतातल्या एका डोंगरावर नेऊन बसवला. सुशिक्षितांना ही व्यवस्था समजावताना 'होस्टिंग' वगैरे शब्द वापरावे लागतात. आमच्या आईला ती एका वाक्यात समजली. बैल आपला, गोठा दुसऱ्याचा, आणि दर महिन्याला चाऱ्याचे पैसे. गोठा म्हणजे खरोखर गोठाच आहे. रुळांवरून सरकणारे छप्पर असलेली एक लांबट शेड, तिच्यात ओळीने खांबांवर जगभरातल्या हौशी लोकांच्या दुर्बिणी बांधलेल्या, आणि संध्याकाळी छप्पर सरकले की सगळ्यांनी एकदम माना वर करायच्या.

जागा मात्र सोन्यासारखी आहे. एका अंगाने अँडीज पर्वत पूर्वेकडचे बाष्प अडवतो, दुसऱ्या अंगाने प्रशांत महासागरातला थंड हम्बोल्ट प्रवाह ढगांना किनाऱ्यालगत खालीच दाबून ठेवतो, आणि मधल्या डोंगरांवर वर्षातल्या बहुतेक रात्री आभाळ धुतल्यासारखे असते. म्हणूनच त्या प्रांतात सेरो तोलोलोची वेधशाळा आहे, आणि सेरो पाचोनवरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५च्या जून महिन्यात आपली पहिली चित्रे जगाला दाखवली. तिचा आरसा ८.४ मीटरचा आणि कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आहे. तिच्या मुलखात आमची पाच इंची दुर्बीण म्हणजे पाटलाच्या बारमाही ओलिताच्या वावराला लागून असलेले कोरडवाहू दीड गुंठा होय. पण वरून पडणारे पाणी दोघांनाही सारखेच.

दुर्बीण एका मुलखात आणि माणूस दुसऱ्या मुलखात, हे खूळ काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. लडाखमधल्या हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर आपली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्याने चालवली जाते. हे मी मुख्याध्यापकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "त्यायले त्याचा पगार भेटते, सर." या मुद्द्याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

चौघांत एक दुर्बीण म्हणजे सामाईक विहीर. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या पाळीत पाणी जास्त आले असे वाटते. इथे भांडण अमावास्येवरून होते, कारण चंद्र असला की अंधुक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे प्रचंड समूह, त्याच्या उजेडात बुडून जातात. बँक अधिकाऱ्यांनी पंचांग पाहून दोन वर्षांच्या पाळ्यांचा तक्ता बनवला. त्यात त्यांच्या वाट्याला इतक्या अमावास्या कशा आल्या, याची चौकशी डॉक्टर अजून करीत आहेत. गेल्या मे महिन्यात मोठ्या मिनतवारीने अमावास्येच्या आसपासच्या पाच रात्री मला मिळाल्या, तर आईने वेगळीच हरकत काढली. "अमावस्येले नवं काम काढू नोको, बापू." मी तिला म्हटले, की काम जुनेच आहे, हप्ते तेवढे नवे आहेत.

माझे लक्ष्य होते नरतुरंग तारकासमूहातली, एन.जी.सी. नावाच्या खगोलीय यादीतली ५१२८ क्रमांकाची दीर्घिका. जेम्स डनलॉप यांना ती १८२६ साली ऑस्ट्रेलियातून सापडली. ती सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिचे रूप असे, की एखाद्या टम्म फुगलेल्या तेजस्वी गोळ्याला मधोमध काळ्या धुळीचा पट्टा बांधावा. या दीर्घिकेने कधीकाळी दुसरी एक दीर्घिका गिळली आणि तिची धूळ अजून पोटावर मिरवते आहे, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. साऱ्या रूपाचे मर्म त्या पट्ट्यात आहे. तो नसेल तर उरतो तो नुसता पांढरा गोळा.

इतक्या दुरून येणारा प्रकाश चिमूटभरच असतो, म्हणून तो एका झटक्यात टिपता येत नाही. पाच-पाच मिनिटांची पुष्कळ चित्रे घेऊन ती एकावर एक रचावी लागतात. यातला हिशेब सावकारी आहे. चौपट चित्रे घेतली तर चित्रातला स्वच्छपणा फक्त दुप्पट होतो. शिवाय कॅमेरा गरम झाला की त्याला नसलेले ठिपके दिसू लागतात, म्हणून त्याला विजेवर सतत उणे दहा अंशांपर्यंत थंड ठेवतात. उणे दहा अंशांतल्या त्या कॅमेऱ्यावर देखरेख करणारा मनुष्य त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यात, पाणी संपलेल्या कूलरसमोर, गळ्यात ओला पंचा घालून बसलेला होता.

पहिल्या सकाळी सहा चित्रे झाली असतील, तोच फोनवर सूचना आली. गोठ्याजवळच्या यंत्राला ढग दिसले, की छप्पर आपोआप बंद होते आणि सर्व मालकांना तसा संदेश येतो. माझ्या तोंडून हताशपणे "ढग आले!" असे मोठ्याने निघून गेले. खाली अंगणात आणि शेजारच्या स्लॅबवर त्या दिवशी चार घरांच्या कुरड्या वाळत होत्या. पुढच्या तीन मिनिटांत काय झाले याचे वर्णन करणे कठीण आहे. बायका धावल्या, साड्यांची टोके चौघींनी चार बाजूंनी धरली, अर्धवट वाळलेल्या कुरड्यांचा गोळा झाला, काकूंचा पाय परातीत पडला, आणि सगळा ऐवज ओसरीत आल्यावर सर्वांनी वर पाहिले. वर कापसाच्या बोंडाएवढादेखील ढग नव्हता. "कुठी हाय ढग?" असे काकूंनी विचारले. "चिलीत," असे मी म्हणालो.

यानंतर घरात नियम झाला, की मी ढगांविषयी बोलायचे असल्यास आधी देशाचे नाव घ्यायचे. तो नियम मीच चौथ्या दिवशी मोडला. बायकोने खालून विचारले, "अहो, आभाळ कसं आहे?" मी पडद्यावरचे आकाश पाहून उत्साहाने सांगितले, "एकदम निरभ्र!" मागच्या बाजूने काळेकुट्ट होऊन आलेला अवकाळी मला दिसला नाही, कारण माझे तोंड दक्षिण गोलार्धाकडे होते. उरलेल्या कुरड्या त्यात गेल्या.

परंतु खरी परीक्षा दुसऱ्याच सकाळी होऊन गेली होती. तारा आकाशाची दक्षिणोत्तर मध्यरेषा ओलांडून पश्चिमेकडे कलला, की माउंटला दुर्बिणीसह एक मोठी गिरकी घेऊन बाजू बदलावी लागते, आणि या गिरकीत एखादी तार अडकली तर दोन वर्षांची पुण्याई एका मिनिटात जाते. ही गिरकी आमच्याकडच्या पावणेनऊला होती. आठ चाळीसला गावची वीज गेली आणि थोड्याच वेळात टॉवरनेही मान टाकली. यातली जीवघेणी गोष्ट ही, की दुर्बीण चालवणारा संगणक तिथे चिलीत असल्यामुळे माझ्या विजेवाचून तिकडे काहीच अडत नाही. अडते ते फक्त मला. मुलीचे बाळंतपण परगावी असलेल्या बापासारखा मी मोटारसायकल काढून पाच किलोमीटरवरच्या फाट्यावर गेलो, कारण रेंज तिथेच होती. चहाच्या टपरीजवळ उभे राहून पाहिले, तर संदेश आला होता: दुर्बीण अर्ध्या वाटेत थांबली आहे.

मी गोठ्याच्या रखवालदाराला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्याने फोन उचलला आणि प्रसन्न आवाजात म्हणाला, "ओला!"

स्पॅनिशमध्ये नमस्काराला 'ओला' म्हणतात हे मला ठाऊक आहे. शाळेत मी मुलांनाही सांगितले आहे. पण ज्या मुलखात 'ओला' या शब्दापुढे 'दुष्काळ' हाच शब्द येतो, तिथे वाढलेल्या माणसाच्या काळजात त्या क्षणी जे व्हायचे तेच झाले. मी मराठीतच ओरडलो, "ओला? किती ओला? छप्पर बंद नव्हतं का?" टपरीवरची मंडळी चहा ठेवून गोळा झाली. "कोनाचं भिजलं, सर? तूर का कापूस?" असे एकाने विचारले, आणि दुसऱ्याने फार आपुलकीने सांगितले, "तलाठ्याले फोन करा आंधी. पंचनामा झाल्याबिगर काई भेटत नाई." तोवर रखवालदाराने इंग्रजीत सांगितले, की पाऊस वगैरे काही नाही, कॅमेऱ्याची तार एका खिळीत अडकली होती, ती त्याने सोडवली आहे आणि दुर्बीण पुन्हा कामाला लागली आहे. मी मंडळींना "काही भिजलं नाही" म्हणून सांगितले, तर त्यांची थोडी निराशाच झाली.

पाच सकाळींत मिळून साठ चांगली चित्रे पदरात पडली. एक चित्र बावन्न मेगाबाइटांचे, म्हणजे सगळी मिळून तीन गिगाबाइटांच्या वर, आणि माझ्या फोनला दिवसाला दोनच मिळतात. आईच्या फोनमधला कीर्तनाचा वाटा, मुलाच्या फोनमधला क्रिकेटचा वाटा आणि सालदाराच्या फोनमधले जे काही होते ते, असे उसनवारीने गोळा करून तो माल दोन दिवसांत उतरवला. पहिले चित्र उघडले, तेव्हा आई शेजारीच होती. प्रक्रिया करण्याआधी ही चित्रे जवळजवळ पूर्ण काळी दिसतात, कारण सगळा प्रकाश अगदी तळाशी साचलेला असतो आणि तो हळूहळू ताणून वर काढावा लागतो. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात म्हैस आली असती, बापू. ते बी काळीच असते, पन दूध देते."

तीन आठवडे रात्री बसून मी ते चित्र रचले, ताणले, रंगवले. धुळीच्या पट्ट्यातले बारीक धागे, त्याच्या कडेचे निळे तारे आणि तांबूस ठिपके, सगळे एकेक करून वर आले. मग ते मोठे छापून घेण्यासाठी मी तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओत दिले. चार दिवसांनी आणायला गेलो, तेव्हा चौकट करून, वर काच लावून ते तयार होते. चौकटीत एक स्वच्छ, गुळगुळीत, पांढरा गोळा होता.

"मधात लय मोठा काळा डाग होता, सर," स्टुडिओवाला म्हणाला. "काढून टाकला. त्याचे पैसे नाई घेतले. ते बारके बारके पांढरे ठिपके बी झाडून टाकले असते, पन लग्नाचा सीझन हाय, टाइम नाई भेटला."